चतुराबाईंचं प्रस्थान

चतुराबाईंनी एकतीस वर्षं दुसऱ्यांच्या बॅगा भरल्या. मुलींच्या शाळेत त्या शिपाई होत्या. दर हिवाळ्यात गाइडच्या मुलींचं तीन दिवसांचं शिबिर निघायचं, कधी म्हैसमाळला, कधी वेरूळच्या पुढं एखाद्या माळावर. यादी मॅडमच्या वहीत असायची, पण सामान चतुराबाईंच्या डोक्यात. तंबूच्या खुंट्या किती, त्यातल्या वाकलेल्या किती, कोणत्या दोरीला गाठ मारलेली आहे, सगळं तोंडपाठ. काडेपेटी झाकणाच्या बाटलीत घालायच्या, दंवानं सादळू नये म्हणून. बॅटरीतला एक सेल उलटा टाकून ठेवायच्या, म्हणजे बॅगेत बटण दाबलं गेलं तरी सेल संपत नाहीत. गढूळ पाण्याला तुरटी, जखमेला हळद, जुलाबाला मीठ-साखरेच्या पुड्या, झोपताना घालायला कोरड्या मोज्यांचा वेगळा जोड.

गाडी सुटायच्या आधी त्या दारात उभ्या राहायच्या. शिट्टी, बॅटरी, पाण्याची बाटली. यातलं एक जरी नसलं तरी मुलगी खाली. एकदा एका नगरसेवकाच्या मुलीकडं शिट्टी नव्हती, तर तिलाही उतरवली. मोठ्या बाई घाबरल्या. चतुराबाई म्हणाल्या, "अंधारात वाट चुकली तर काय बाप येणारे का शिट्टी वाजवायला?"

आणि गाडी गेली की शाळेचं फाटक लावून घ्यायच्या. "मावशी, तुम्ही मागं शाळा सांभाळा," असं पहिल्या वर्षी सांगितलं गेलं, ते एकतिसाव्या वर्षापर्यंत कुणाला बदलावंसं वाटलं नाही. शिबिर परत आलं की ओले तंबू गच्चीवर वाळत घालायच्या. मला एकदा म्हणाल्या, "वैनी, तंबूला चुलीच्या धुराचा लई ग्वाड वास येतो. तेवढाच क्यांप माझ्या वाट्याचा."

आम्ही दोघी हडकोतल्या एकाच गल्लीत समोरासमोर राहतो, चोवीस वर्षं झाली. त्यांचा नवरा लवकर गेला. मुलगा आकाश वाळूजच्या कंपनीची बस चालवतो, सून प्रेरणा गुलमंडीत कापडाच्या दुकानात उभी असते. चार वर्षांची नात चतुराबाईंच्या कडेवर. रिटायर झाल्या त्याच आठवड्यात नात झाली. म्हणजे सुट्टी अशी मिळालीच नाही.

मार्गशीर्ष लागला आणि त्यांना श्रेयाचा फोन आला. श्रेया त्यांच्या शाळेतली जुनी मुलगी. आता बायकांना घेऊन तंबूत राहायच्या सहली काढते. या वेळची सहल गौताळ्याच्या जंगलालगत एका शेतात, एक रात्र, अमावस्येची मुद्दाम निवडलेली, चांदण्या चांगल्या दिसतात म्हणून. ती म्हणाली, "मावशी, या खेपेला तुम्ही दारात उभं राहायचं नाही. गाडीत बसायचं."

हे सांगायला चतुराबाई भर दुपारी माझ्याकडं आल्या आणि पदर तोंडाला लावून हसत बसल्या. एकसष्ट वर्षांची बाई.

मग आठ दिवस बॅग भरणं चाललं. शाळेनं निरोपाला दिलेली निळी बॅग होती, कपाटावर कोरी पडलेली. त्यात चादर, कानटोपी, मोजे, प्लास्टिकच्या पिशवीत बांधलेले कपडे, बीपीच्या गोळ्या, जास्तीचा चष्मा. भरायच्या, उपसायच्या, परत भरायच्या. मी विचारलं, "एका रात्रीला चार टॉवेल कशाला?" तर म्हणाल्या, "काय करू वैनी, हात चाळीस पोरींचं भरायला शिकलाय. एकीचं भरताना चुकतंय." सकाळी बुटात हात घालायच्या आधी बूट उलटा करून आपटायचा, विंचू असतो, हे त्यांनी मलाच तीनदा समजावलं. जाणार त्या, ऐकणार मी.

घरात मात्र प्रेरणाचं तोंड उतरलं होतं. तिचंही खोटं नव्हतं. लग्नसराईचा शनिवार-रविवार, दुकानात पाय ठेवायला जागा नाही, मालकानं सुट्टीला साफ नाही सांगितलं. आकाशची पाळी. मग पोरीला बघायचं कुणी?

"दोन दिवस तुम्ही बघा बाई," चतुराबाई म्हणाल्या. असं त्या पहिल्यांदाच बोलल्या असाव्यात.

 दुसऱ्या दिवशी प्रेरणानं पंचांगच काढलं. "आत्या, शनिअमावस्या हाय. अमावस्येला घराबाहेर पाऊल टाकतं का कुणी? आन् झोपायचं जंगलात!"

चतुराबाई माझ्याकडं आल्या. व्रतवैकल्यं, तिथी, यात त्या माझा शब्द शेवटचा मानतात. आणि मलाही, खरं सांगायचं तर, शनिअमावस्येचं निघणं पटत नव्हतं. पण त्यांचा चेहरा बघवेना. मी म्हटलं, आपण प्रस्थान ठेवू. चांगल्या दिवशी आपलं सामान दुसऱ्याच्या घरी नेऊन ठेवायचं, म्हणजे प्रवास त्याच दिवशी सुरू झाला असं धरतात. मग माणूस एक-दोन दिवसांनी निघालं तरी दोष नाही. फक्त ते सामान मागं आपल्या घरात न्यायचं नाही, तिथूनच उचलून पुढं जायचं.

मार्गशीर्षातला शेवटचा गुरुवार होता. माझ्याकडं महालक्ष्मीचा घट मांडलेला. चतुराबाईंनी बॅग आणली, मी तिला हळदकुंकू लावलं, पुढच्या कप्प्यात सुपारी आणि चिमूटभर तांदूळ घातले आणि चौरंगाशेजारी ठेवली. "झालं," मी म्हटलं, "निघालात तुम्ही."

शुक्रवारी दुपारी कन्नडहून फोन आला. आमचे चुलतसासरे कडुबा गेले. पुण्याची मुलं रात्री पोचणार होती, म्हणून माती शनिवारी सकाळी. हे आणि मी, जे हाताला लागेल ते घेऊन निघालो. कुलूप लावताना बॅग दिसली. चतुराबाई घरी नव्हत्या. श्रेयानं सगळ्या बायकांना सूचना द्यायला बोलावलं होतं, तिकडं गेलेल्या. प्रेरणा त्या दिवशी लवकर आली होती. मी तिच्या हातात माझी किल्ली दिली, लाल दोऱ्याची.

"सकाळी साडेपाचला गाडी येणारे. आठवणीनं सासूबाईंची बॅग काढून दे बाई."

"द्या काकू. तुम्ही निवांत जा. मी हाये ना."

शनिवारी सकाळी इकडं काय झालं ते मला शेजारच्या आशाबाईंनी सांगितलं. गाडी वेळेवर आली. आत पंधरा बायका, कानटोप्या घातलेल्या. चतुराबाई बूट घालून माझ्या दाराशी उभ्या, आणि दाराला कुलूप. आदल्या रात्री त्या उशिरा परतल्या होत्या, मयताचं त्यांना आत्ताच कळलं. त्यांनी मला सात फोन केले. माझा फोन पर्समध्ये, पर्स आतल्या खोलीत, आणि मी बाहेर बायकांत रडत बसलेले.

आकाश म्हणाला, "तोडू का कुलूप?"

"मयत झालेल्या घराचं कुलूप तोडतात व्हय रे?"

श्रेया खाली उतरली. "मावशी, बॅग राहू द्या. माझ्याकडं चादर आहे, बॅटरी आहे, गोळ्या वाटेत घेऊ. चला, बसा."

चतुराबाईंचा एक पाय गाडीच्या पायरीवर होता, असं आशाबाई म्हणतात. तेव्हा प्रेरणा पोरीला कडेवर घेऊन पुढं आली आणि म्हणाली, "बघा बाई तुम्ही. पण सामान एकीकडं आन् माणूस दुसरीकडं, तेबी प्रस्थान ठेवलेलं. काही झालं तर मागून आम्हालाच ऐकावं लागंल. आन् किती पोरींना तुम्ही बाटलीपायी खाली उतरवलंय, तुमीच सांगता की."

चतुराबाईंनी पाय खाली घेतला.

गाडी थोडा वेळ थांबली, मग गेली. श्रेया खिडकीतून मागं बघत होती म्हणे.

नऊ वाजता मी फोन पाहिला आणि लावला. उचलला प्रेरणानं.

"आत्या पडल्यात. डोकं दुखतंय त्यांचं. गाडी गेली की."

"अगं, पण किल्ली तुझ्याकडं दिली होती ना मी?"

 प्रेरणा अगदी समजुतीच्या आवाजात म्हणाली, "काकू, तुमच्याकडं मयत झालीय. गडबडीत तुम्हाला वाटलं असंल दिली म्हणून. पर्समध्ये बघा बरं."

आणि मी बघितली. पर्स पालथी करून बघितली, पिशवी झटकली, यांचे खिसे तपासले. यांची किल्ली होती, माझी लाल दोऱ्याची नव्हती, आणि मला वाटायला लागलं की वाटेत पडली असेल. कन्नडच्या त्या घरापासून गौताळा किती लांब? मी मातीला बसले होते आणि चार डोंगर पलीकडं त्यांच्या वाट्याचा तंबू उभा राहत होता. मी देवाची क्षमा मागितली. तीन दिवस मागत होते.

तिसऱ्या दिवशी राख सावडून आम्ही परतलो. यांच्याकडच्या किल्लीनं दार उघडलं. बॅग चौरंगाशेजारी तशीच. मी चतुराबाईंना बोलावून आणलं आणि हात जोडले. "चतुराबाई, माझ्यामुळं झालं. मला वाटतं मी प्रेरणाकडं..."

"माहितीय," त्या म्हणाल्या.

"काय माहितीय?"

"शनवारी दुपारी पोर भुकेली म्हणून शेवया काढाय गेले. शेवयांच्या डब्यात तुमची किल्ली. लाल दोरा लावलेली."

मी देवासमोर बसलेली बाई, पण माझ्या तोंडात शिवी आली. म्हटलं, चला, आत्ता विचारू तिला, आकाशसमोर विचारू.

चतुराबाईंनी माझं मनगट धरलं. त्यांच्या हाताला अजून जोर आहे. "नाय वैनी. तुमच्याच नावावर राहू द्या. तुमी शेजारी. रुसले तुमच्यावर तर दोन दिवस रुसंन. तिच्या हातचं मला मरेस्तोवर खायचंय."

"अहो, पण असं कसं..."

"लेक असती तर कानाखाली दिली असती. सून हाय." मग खाली बसून त्यांनी बॅगेतून गोळ्या आणि चष्मा काढला. बाकी सामानाला हात लावला नाही. "प्रस्थानाचं म्हणे माघारी न्यायचं नसतं. राहू द्या तुमच्याकडं. टॉवेल वापरा, चांगले हायेत."

मी किती सांगितलं की हे नियम माणसासाठी असतात, उलटं नाही. पण ते मी आधी म्हणायला पाहिजे होतं, गुरुवारी.

त्यांनी किल्ली परत डब्यातच ठेवली होती. ती तिथून कधी गेली आणि कुठं गेली, हे आजवर कुणी बोललेलं नाही. मी कुलूपच बदललं.

काल नळाला पाणी आलं, आठ दिवसांच्या खाड्यानंतर. सगळी गल्ली बाहेर, पाईप, ड्रम, आरडाओरडा. तेवढ्यात श्रेयाचा फोन चतुराबाईंना. पुढची सहल माघी अमावस्येच्या आसपास, याल का? चतुराबाई फोनवर म्हणाल्या, "नको बाई, मला थंडी सोसत नाय." आणि फोन पदराच्या टोकाला बांधून ड्रम भरायला लागल्या.

आशाबाई हळहळल्या, "मागल्या खेपेला गेल्या असत्या तर झालं असतं बघा."

"काकू किल्ली ठेवून गेल्या असत्या तर!" प्रेरणा हसत म्हणाली. हातातला पाईप माझ्याकडं रोखलेला, गमतीनं. चार-सहा बायका माझ्याकडं बघायला लागल्या. चतुराबाईंनी मान वर केली नाही. पण मला कळत होतं, त्या माझ्या तोंडाकडं कान लावून उभ्या आहेत.

मी रोज एकशे आठ वेळा नाव घेते. खोटं बोलायचं नाही, एवढं एकच व्रत मी उद्यापनाशिवाय धरलेलं आहे.

"व्हय गं," मी म्हटलं, "चुकलंच माझं."

"असू द्या काकू," प्रेरणा म्हणाली. "वयामुळं होतं असं."

सगळ्यांदेखत तिनं मला माफ केलं, आणि माझी बादली भरून दिली.