कोरडा टॉवेल

सोलापुरातल्या एका टॉवेल कारखान्यात मी एकतीस वर्षं माल तपासला. ओढलेला धागा, तिरकी किनार, पाणी न पिणारं सूत, सगळं मला नुसता हात फिरवून कळे. निवृत्तीच्या दिवशी मालकांनी भाषणात मला ‘गुणवत्तेचा प्रहरी’ म्हटलं आणि दोन डझन जाड टॉवेल दिले. भाषण लगेच विसरलो. टॉवेल अजून टिकून आहेत.

दोन वर्षांपूर्वी बायकोची उजवी बाजू लुळी पडली, बोलणंही गेलं. घरी येऊन आंघोळ घालणारी, वेणीफणी करणारी बाई एका संस्थेकडून मिळाली. ती सकाळी आठला यायची, “काका, तुमी भाईर बसा,” म्हणायची आणि खोलीचं दार लावून घ्यायची. मी पेपर घेऊन बसायचो. आतून तिचं बोलणं ऐकू यायचं, मराठीत सुरू होऊन कानडीत संपणारं. बायको अक्कलकोटकडची, तिला कानडी कळतं. मला कळत नाही. चाळीस वर्षांत शिकायचं राहूनच गेलं.

संस्थेचा पर्यवेक्षक दर महिन्याला यायचा. मे महिन्यातसुद्धा गळ्यात टाय. त्याच्याकडे ‘सेवा गुणवत्ता मूल्यमापन’ नावाचा चार पानी गुळगुळीत फॉर्म असे. त्यात ‘सेविकेचे हास्य’ यालाही पाचपैकी गुण होते. असल्या कागदांवर माझा विश्वास नव्हता. माझा विश्वास टॉवेलवर होता.

आणि टॉवेल कोरडा होता. रोज दोरीवर वाळत घातलेला, पण कोरडा. बाई गेली की मी हात लावून पाहायचो. आठ दिवस पाहिलं. म्हणजे बाई नुसतं पाणी ओतल्याचा आवाज करते आणि गप्पा मारत बसते. बायकोच्या अंगाला साबणाचा वास यायचा खरा, पण वासाचं काय, तो नुसता साबण चोळला तरी येतो. दार वाजवून विचारावं असं मला सुचलं नाही. कारखान्यात आम्ही कापडाला कधी काही विचारलं नव्हतं.

‘अन्य सूचना’ या रकान्यात मी सगळं मुद्देसूद लिहिलं. पर्यवेक्षक हरखला. त्या रकान्यात आजवर कोणी काही लिहिलंच नव्हतं.

“सर, असा फीडबॅक पाहिजे बघा!”

दोन दिवसांत बाई बदलली. नव्या बाईचा टॉवेल ओलाचिंब. मी पाचपैकी पाच दिले.

पण आता आतून बायकोचं कण्हणं ऐकू येऊ लागलं. दुपारी तिला कुशीवर वळवताना पाठीवर लाल चट्टे दिसले. त्याच आठवड्यात नवी बाई म्हणाली, खोली कोंदट आहे, मागची खिडकी उघडा. उघडली, तर बाहेरच्या गजांना बायकोच्या जुन्या सुती पातळाचे दोन तुकडे बांधलेले. उन्हानं कडक झाले होते, हातात घेताच मऊ पडले.

मी जुन्या बाईला फोन केला.

“व्हय, त्यानंच पुसत होते काकूंना,” ती म्हणाली. “कातडी लई नाजूक झालीया की त्यांची. टावेल टोचायचा, डोळ्यांत पाणी यायचं.”

“मग मला सांगितलं का नाही?”

“तुमी टावेलवाले, काका. तुमाला कसं सांगू? काकूंनीच हातानं खूण केली, सांगू नको म्हणून. तुमाला वाईट वाटाय नको म्हणून रोज टावेल दोरीवर टाकायचे.”

परत येता का, असं विचारलं.

“हितं एक आजी हायत आता. त्यांना माजी सवय झालीया. त्यांना कसं सोडू?” मग हळूच म्हणाली, “एकदा दार वाजवायचं की हो, काका.”

टॉवेल मी कपाटात टाकले. पातळाचे तुकडे नव्या बाईला दिले. ती हलक्या हातानं पुसते, चट्टेही गेले. तिच्याबद्दल तक्रार नाही. फक्त आतून आता काही ऐकू येत नाही. तिला कानडी येत नाही. मीही एक-दोनदा आत जाऊन बसलो, पण मराठीत काय बोलावं ते सुचेना.

आठ वाजता बेल वाजली की बायको मान दाराकडे वळवते. कोण आलं ते पाहते. मग मान पुन्हा भिंतीकडे नेते.