शैलाताईंनी व्हायोलिन काढलं

शैला बिराजदार कुठलाही चित्रपट पहिल्यांदा पडद्याकडे पाठ करून बघायच्या. बघायच्या म्हणजे ऐकायच्या. मी दिग्दर्शित केलेल्या पहिल्याच चित्रपटाच्या आवाजाचं आणि संगीताचं काम घेऊन मी त्यांच्याकडे उदगीरला गेलो, तेव्हाही त्यांनी खुर्ची भिंतीकडे फिरवली. संपल्यावर म्हणाल्या, "माणसं लई बोलून राहिलीत तुमची. पर घर गप हाय. घर कधी गप ऱ्हातंय का?"

चित्रपटात एक प्रसंग होता. बाईनं कुकर चढवलाय आणि दारात नवऱ्याच्या अपघाताची बातमी येते. शैलाताईंनी तिथं संगीत ठेवलंच नाही. बाई खाली बसते, शेजारणी धावतात, गॅस कुणाच्याच ध्यानात राहत नाही. शिट्ट्या होतच राहतात.

लातूरचे आमचे निर्माते ऐकून भडकले. "इथं व्हायोलिन पाहिजे. लोकं रडली पाहिजेत!"

"रडायचं का न्हाई ते लोकं बघतील, शेटजी. आपुन कशाला त्यांचे कान पिळायचे? त्या बाईला त्या टायमाला व्हायोलिन ऐकू येतंय व्हय?"

शेटजींनी मग परस्पर दुसऱ्याकडून व्हायोलिन घालून घेतलं. आम्हाला ते कळलं लातूरच्या पहिल्या खेळाआधी, चाचणी बघताना. शैलाताईंनी पिशवीतून स्वतःची, बिनव्हायोलिनची प्रत काढली आणि थेट चित्रपट चालवायच्या मशीनच्या खोलीचा जिना धरला. वळून मला म्हणाल्या, "दादा, येऊन राहिले का घरी जाऊन राहिले?"

मी गेलो. आतून कडी मीच लावली.

खेळ सुरू झाला. शेटजींना पत्ता लागला तो त्या प्रसंगाला. ते बाहेरून दार बडवत होते, आणि खाली पडद्यावर शिट्ट्या होत होत्या. लोक चुळबुळायला लागले. एवढ्यात पुढच्या रांगेतली एक बाई उभी राहून ओरडली, "अगं बाई, कुणीतरी गॅस बंद करा की!"

कुणी हसलं नाही. अंधारात हुंदके ऐकू यायला लागले. दारावरची थापही थांबली.

व्हायोलिन पुन्हा घालायची शेटजींची छाती झाली नाही. राग मात्र त्यांनी काढला. श्रेयनामावलीतून शैलाताईंचं नाव उडवलं आणि माझ्याकरवी निरोप धाडला, माफी मागा, नाव परत टाकतो.

शैलाताई फोनवर मोठ्यानं हसल्या. "नाव ठेवा म्हणावं तुमच्यापाशीच. पिच्चरमधनं शिट्टी काढून दाखवा."

गेल्या वर्षी त्या गेल्या. माफी त्यांनी मागितली नाही. शिट्टीही कुणी काढली नाही.