जगाशी जुळणारे माप

हेमलताबाई राऊत यांना मी प्रथम पाहिले ते बोईसरच्या कारखान्यातल्या प्रयोगशाळेत. मी जवळच्याच किनाऱ्यावरच्या दांडी गावातल्या मच्छीमार घरातली, नुकतीच बी.एस्सी. झालेली. बाई प्रयोगशाळेच्या प्रमुख; त्यांनी मला अतिसूक्ष्म भुकटीच्या कणांचा आकार मोजायच्या यंत्रावर नेमले. आज ज्यांना नॅनोकण म्हणतात, त्या जातीचे ते काम. तेव्हा आमच्याकडे ते नाव कोणी घेत नसे.

पहिल्याच आठवड्यात बाईंनी विचारले, "दांडीला विकायला लावलेला कोळंबीचा वाटा जेवढा असतो, तेवढाच पालघरच्या बाजारात असतो का?"

"नाय."

"मग आपला आकडा परदेशातल्या माणसाने का मानावा? माप दोघांचं एक हवं."

दर सोमवारी कणांचा आकार आधीच माहीत असलेल्या एका ठरलेल्या नमुन्यावर यंत्र पडताळणे माझ्याकडे होते. हळूहळू मी कंटाळले. न तपासताच वहीत 'बरोबर' असे लिहू लागले.

पुढे एका परदेशी ग्राहकाने आमचा माल नाकारला. कण अहवालात लिहिल्यापेक्षा मोठे आहेत, असे त्यांचे म्हणणे. "त्यांचंच यंत्र चुकलं असेल, तसं कळवा," असे व्यवस्थापकांनी सांगितले. बाईंनी नकार दिला. आंतरराष्ट्रीय मान्यतेचा प्रमाणित नमुना त्यांनी बाहेरून मागवला. तो येईपर्यंत मी वहीतली माझी 'बरोबर'ची पाने पुन्हा पुन्हा उलटत राहिले. आल्यावर कळले, आमचेच यंत्र कणांचा आकार कमी दाखवत होते.

मी बाईंसमोर उभी राहिले. "बाई, मी तपासलंच नव्हतं."

त्यांनी पडताळणीची वही उचलली. मग व्यवस्थापकांच्या बैठकीत गेल्या आणि म्हणाल्या, "चूक प्रयोगशाळेची आहे. अहवालावर सही माझी आहे." त्या वर्षी त्यांची बढती हुकली. ग्राहकाला खरे आकडे त्यांनी स्वतः कळवले. यंत्र त्याच प्रमाणित नमुन्याशी जुळवून नवा माल मोजून पाठवला, तो स्वीकारला गेला.

बैठकीनंतरच्याच रविवारी बाई दांडीला आमच्या घरी आल्या. आई बोंबील वाळत घालत होती. तिने घाबरून विचारले, "बाई, हिला काडून टाकणार नाय ना?"

"नाही. तिनं स्वतः येऊन सांगितलं. सोमवारी कामावर पाठवा."

त्यानंतर कितीतरी सोमवारी बाई माझ्याशेजारी बसून पडताळणी करून घेत. रागाचा एक शब्द नाही, सवलतही नाही. आता नव्या मुलींना मी तसेच शिकवते.

बाई साठीच्या झाल्या. गुडघे दुखतात, हे त्या कोणाला सांगत नाहीत. त्यांनी औषधे वेळेवर घ्यावीत, प्रकृती जपावी आणि पुष्कळ वर्षे आमच्या अहवालांतल्या चुका काढत राहाव्यात, एवढे मागणे त्यांच्या या विद्यार्थिनीचे आहे.