खाचराच्या बांधापर्यंत

धडधाकट पायांनी जन्माला येऊन अर्धं आयुष्य चाकाच्या खुर्चीत काढणारा माणूस अख्ख्या भोर तालुक्यात एकच, आणि तो माझ्या बायकोचा मामा. मामांचं वेल्डिंगचं दुकान. अपंगांसाठी खुर्च्या करणारी त्यांची संस्था आता नेपाळात आणि पार आफ्रिकेत पोचली आहे, पण मामांचा नियम जुनाच. खुर्ची ज्याची, त्याच्या गावात जाऊन आधी आपण तीत बसून हिंडायचं. वेल्ह्याच्या बाजारात ते असे चाकं रेटत निघाले की ओळखीचे लोक हळहळायचे. एकाने तर घरी येऊन मामींचं सांत्वन केलं, तेवढ्यात मामा भाजीच्या पिशव्या घेऊन जिना चढून आले. माझ्या लग्नातही ते खुर्चीतूनच आले, दाराला पायरी का ठेवली म्हणून कार्यालयाच्या मालकाशी भांडले, मंगलाष्टकांना उभे राहिले आणि पुन्हा बसले.

याचं मूळ हिर्डोशीत. तिथे त्यांची थोरली बहीण, अक्का. माळ्यावरून पडून तिचे पाय गेले. मामांनी हौसेनं खुर्ची केली, चकचकीत रंग दिला, देवळापर्यंतची वाट सपाट करून घेतली. अक्का तीत बसेचना. मामा चिडले तेव्हा म्हणाली, "देवळात तू जा. मला खाचराच्या बांधावर जायचंय. इचारलंस का मला?"

मामा ओशाळले. भातखाचराचा बांध म्हणजे जेमतेम पाऊलभर रुंद. त्यांनी ती खुर्ची मोडली, खाली मधोमध जुन्या मोपेडचं एकच चाक लावलं, पुढेमागे धरायला दांडे जोडले आणि लावणीच्या दिवसांत अक्काला बांधावर नेऊन बसवलं. दिवसभर तिने बायकांच्या चुका काढल्या आणि बायकांनी मामांचा उद्धार केला. मग भोंगवलीहून मागणी आली, आणखी गावांतून आली, पुढे कुणी परदेशी पाहुणे येऊन सगळं बघून गेले आणि तिकडच्या डोंगरांतही असल्या खुर्च्या होऊ लागल्या. पाहुण्यांनी संस्थेचं ध्येय विचारलं, तर मामा म्हणाले, "आदी इचारायचं, कुठं जायचंय." आज त्या सगळ्या देशांत कामाची सुरुवात याच प्रश्नाने होते.

यंदा मामांचे गुडघे पार गेले. आता खुर्ची खरोखरच लागली, तर स्वारी बसायला तयार होईना. मामी समजावून थकल्या. शेवटी मीच विचारलं, "मामा, कुठं जायचंय?"

ते म्हणाले, "अक्काच्या बांधावर."

अक्काला जाऊन आता काही वर्षं झाली. तिच्याच त्या एकचाकी खुर्चीत बसवून आम्ही त्यांना नेलं, पुढून अक्काचा मुलगा आणि मागून मी. चाक डावीकडे ओढतंय म्हणून ते वाटभर माझ्यावर कुरकुरले. बांधावर पोचल्यावर मात्र रोपांच्या ओळी बघत बसले. खाचरात लावणी चालली होती. एका म्हातारीने कंबर सरळ करून त्यांच्याकडे पाहिलं आणि विचारलं, "अक्काच्या खुर्चीत बसलाय, मग आमच्या चुका न्हाई काढायच्या?"

मामांनी मान हलवली.

"अक्काला दिसायच्या त्या," ते म्हणाले. "मला न्हाई दिसत."