आण्णांचा हिवाळी वाढदिवस

आमच्या शिरूरमध्ये माणूस मोठा झाला हे त्याच्या कर्तृत्वावरून कळत नाही, चौकातल्या फ्लेक्सवरून कळतं. हे फ्लेक्स छापणारा चांगदेव माझा शेजारी. माझं हार्डवेअरचं दुकान, त्याला लागून त्याचा गाळा. कारेगावच्या कंपनीतली नाईट शिफ्ट सोडून दसऱ्याला त्याने तो घेतला आणि तेव्हापासून मला दुपारची झोप नाही. चांगदेवाला एकट्याने काळजी करता येत नाही, त्याला सोबत लागते.

धंद्याची अक्कल मात्र त्याच्या बायकोची, करिश्माची. झेरॉक्सला आलेल्या प्रत्येक आधारकार्डावरची जन्मतारीख ती कॉम्प्युटरात भरून ठेवायची. हे कायद्यात बसतं का, मला विचारू नका. मी एकदा विचारलं, तर चांगदेवाने मला चहा पाजला. रोज सकाळी ती डेटाबेसमधून यादी काढायची, चार दिवसांनी कोणाचा वाढदिवस आहे त्याची. मग चांगदेव त्या माणसाच्या मित्रमंडळींना फोन लावून म्हणायचा, "बोर्ड न्हाई का लावायचा? लोक काय म्हनतील?" लोक काय म्हणतील, या भीतीवरच ते दुकान चालायचं.

डिसेंबर निम्मा सरला आणि त्यांचा कॉम्प्युटर मेला. चांगदेवाने कुठल्याशा कंपनीतून भंगारात निघालेला दुसरा आणला आणि "साहेबाचा व्हता" म्हणून आळीभर मिरवला. दोन जानेवारीला त्या साहेबी मशीनने सहा तारखेचे बेचाळीस वाढदिवस दाखवले. दुसरा कोणी असता तर चमकला असता. चांगदेवाने मशीनला हळदकुंकू लावलं.

यादीत निमोण्याचे आनंदराव होते, म्हणजे सगळ्यांचे आण्णा. दोन वर्षांत ते राजकारणात एकदम पुढे आलेले, आणि दुकानाचं निम्मं काम त्यांच्याच माणसांचं. चांगदेवाने त्यांच्या पप्पूला फोन लावला. पप्पू आण्णांचा उजवा हात. त्याला आण्णांचा वाढदिवस ठाऊक नव्हता, पण तसं कबूल करायचं म्हणजे निष्ठेवर डाग. "म्हंजी काय, मी तुलाच फोन करनार व्हतो," तो म्हणाला. पप्पूचा बोर्ड ठरल्याचं कळताच आण्णांच्याच दुसऱ्या गटाने त्याहून मोठा सांगितला. पाच तारखेच्या संध्याकाळपर्यंत शिरूरपासून निमोण्यापर्यंत आण्णाच आण्णा हात जोडून उभे. त्या धांदलीत बाकीची यादी तशीच राहिली. खात्री कोणीच केली नाही. आपल्याकडे खात्री करत बसणारा माणूस मागे पडतो.

सहा तारखेला सकाळी करिश्मा यादीवर खुणा करत तळापर्यंत आली आणि ओरडली, "अहो, आज तुमचा वाढदिवस हाय!"

शेवटचं नाव खुद्द चांगदेवाचं होतं. डेटाबेस चालतो का ते बघायला तिने त्याचंच कार्ड भरलेलं. "माझा एक जूनला असतू की," चांगदेव म्हणाला. बाकीची कार्डंही त्याला आठवली. सगळी एक जूनची. आमच्याकडे जन्मतारीख कोण लिहून ठेवतंय? शाळेत नाव घालताना मास्तर एक जून टाकून मोकळे होत. कार्डावर ते ०१/०६ असं येतं. साहेबाचं मशीन अमेरिकन वळणाचं, आधी महिना वाचणारं. त्याने सगळ्यांना सहा जानेवारीला जन्माला घातलं. बाराच्या पुढच्या तारखांना तसा महिनाच सापडत नाही, त्या ते गुपचूप बरोबर वाचायचं. म्हणून डिसेंबरात कोणाला शंका आली नव्हती.

चांगदेवाने कॉम्प्युटरच्या घड्याळाची सेटिंग बदलली. कोपऱ्यातली तारीख भारतात आली, यादी अमेरिकेतच राहिली. मशीन बंद करून चालू केलं. यादी तीच. मग त्याने उदबत्ती लावली. शेवटी करिश्माने त्याला खुर्चीवरून उठवलं.

"घड्याळ फकस्त दाखवायला हाय," ती म्हणाली. "डेटाबेस उघडनारा प्रोग्रॅम सोताचं येगळंच धरून बसलाय."

आणि तसंच होतं. जुन्या साहेबाने मशीनच्या एन्व्हायर्नमेंट सेटिंगमध्ये, म्हणजे प्रोग्रॅमांसाठीच्या आतल्या सूचनांत, एक ओळ लिहून ठेवली होती: महिना, दिवस, वर्ष. प्रोग्रॅम उघडताना आधी तीच वाचायचा. तिने दिवस पुढे आणला, महिना मागे ढकलला, प्रोग्रॅम बंद करून परत उघडला. यादी कोरी. त्या दिवशी अख्ख्या तालुक्यात कोणाचाच वाढदिवस नव्हता.

"आण्णांचं हसं झालं तर माझा गाळा गेला," चांगदेव मला म्हणाला. त्याचे डोळे भरले होते. "परत नाईट शिफ्ट. तुमी चला संगं." मी लगेच शटर ओढलं. शेजारधर्म होताच, पण काय होतंय ते बघायचंही होतं.

निमोण्यात मांडव पडला होता. जेसीबीतून झेंडूची फुलं उधळली जात होती आणि सगळ्यात मोठा हार पप्पूच्या हातात होता. आण्णा खुर्चीत, शेजारी त्यांची आई सिंधूबाई. चांगदेवाने सरळ आण्णांचे पाय धरले आणि खालच्या आवाजात सगळं सांगून टाकलं. महिना, दिवस, सेटिंग, काही ठेवलं नाही. आण्णांच्या कपाळावर आठी चढली. जूनची तारीख मास्तरांची हे त्यांना ठाऊक होतं; पोरांनी खरी कुठून तरी शोधून काढली, असं ते धरून चालले होते.

"म्हंजी आज माझा वाढदिवस न्हाई?"

"न्हाई, आण्णा. जूनला हाय."

"कोन म्हनतं?" सिंधूबाई मध्येच कडाडल्या. "ह्यो झाला तवा वावरात हुरडा व्हता. थंडीनं माझं दात वाजत व्हतं. जूनला कुठला आलाय हुरडा? तारीख मला ठावं न्हाई, पन दिस ह्येच. जूनला ह्याला ब्यांकेचा मेसेज येतो आन् ह्यो तेवढ्यावर खूश. मी कवा ववाळलं न्हाई. मास्तरांच्या दिवसाला मी कशाला ववाळू?"

आण्णा खुर्चीतच आईकडे वळले.

"आई, मला कवा सांगितलं न्हाईस."

"तू कवा इचारलंस?"

आतून ताट आलं. म्हातारी ओवाळत होती, निरांजन हलत होतं, आणि साठीला आलेला तो दांडगा माणूस मान खाली घालून लहान पोरासारखा बसला होता. मला भरून आलं. चांगदेव तर रडतच होता, पण तो भीतीने.

ओवाळून झालं तसं आण्णांनी त्याला जवळ बोलावलं. "सेटिंग बदललीस का?"

"व्हय, आण्णा. सकाळीच."

"राहू दे तशीच," आण्णा म्हणाले. "पन माझं नाव दोनदा घाल. जूनला ब्यांकेचा, आन् आज आईचा."