बाजेखालची शेगडी

शेजारी कुणीतरी निखाऱ्यावर ओवा टाकला आणि त्या वासानं माझा जीव पुन्हा कासावीस झाला.

एकोडीला माहेरी माझं पहिलं बाळंतपण होतं. हिवाळ्याची दुपार. शेकासाठी बाजेखाली कोळशाची शेगडी होती; सकाळी तिच्यावर टाकलेल्या ओव्याचा वास अजून खोलीत होता. माझ्या तान्ह्या लेकीला वारा लागू नये म्हणून आईनं दार लावून खिडकीच्या फटींत जुनं लुगडं कोंबलं होतं. माझं डोकं जड झालं, मळमळू लागलं. धूर दिसत नव्हता, म्हणून कोळशाचा वायू कोंडल्याची शंकाही आली नाही. आई बाजेला टेकून पेंगली. तिला हलवावं म्हटलं, तर मला हात उचलवेना.

बाहेरून बाबांनी चहासाठी आईला हाक मारली, पुन्हा मारली. ओ नाही. बाळंतिणीच्या खोलीत बाबा कधी पाऊल टाकत नसत. त्या दिवशी ते दार ढकलून आत आले. आधी लेकीला, मग आम्हाला अंगणात आणलं. शुद्धीवर येताच आई म्हणाली, "दार लावा ना, पोरीले हवा लागन!"

तीच पोर आज बाळंतीण आहे. खोलीत शेगडी नाही, खिडकी उघडी आहे. तरी मी बाहेरून सारखी हाका मारते.

"आई, काहून हाका मारून राहिली?" ती आतून वैतागते.

वैतागू दे. ओ तर देते.