ग्रंथपालांचा घसा आणि मावशींची बदली

ग्रंथपालांच्या घशात काहीतरी अडकलं होतं. ते धड खाली जाईना, धड वर येईना. दुखणं नाही, खोकला नाही, नुसता एक चिकट गोळा. दर दोन मिनिटांनी ते खाकरत. एरवी खपून गेलं असतं, पण नोकरी वाचनालयात, जिथे पान उलटल्याचाही आवाज होतो. ‘शांतता राखा’ या पाटीच्या बरोबर खाली बसून साहेब दिवसभर घसा साफ करायचे. वाचक पाठीमागे त्यांना ‘खाकरेसाहेब’ म्हणतात, हे त्यांच्या कानावर आलं होतं. एकदा रोज येणाऱ्या निवृत्त मास्तरांनी मुकाट्याने आपली वही उचलली आणि पार टोकाच्या टेबलावर जाऊन बसले. साहेबांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्या दुपारी त्यांची नजर झाडलोट करणाऱ्या मावशींवर गेली. अकरा वर्षं त्या हे दालन साफ करत होत्या. साहेबांनी कागद ओढला आणि कार्यालयाला तक्रार लिहिली: यांच्या झाडण्याने धूळ उडते आणि माझा घसा बिघडतो. आठवड्याभरात मावशींची बदली तळघरात झाली, जुन्या वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यांत. खाली जायला बावीस पायऱ्या, आणि मावशींचे दोन्ही गुडघे कुरकुरणारे. त्या बादली घेऊन निघून गेल्या.

सहा महिने झाले. गोळा जागच्या जागी.

“अहो, मावशी गेल्या, धूळ गेली, मग हे का जात नाही?” बायकोने विचारलं.

साहेब तिच्यावर खेकसले. खरं तर ते घाबरले होते. मनात एक आजार घर करून बसला होता आणि त्याचं नाव घ्यायचीही त्यांची छाती नव्हती. शेवटी बायकोनेच घशाच्या डॉक्टरीणबाईंची वेळ घेतली आणि सोबत गेली.

डॉक्टरीणबाईंनी नाकातून बारीक नळी घालून आत नीट पाहिलं.

“गाठबीठ काही नाही,” त्या म्हणाल्या, तसा साहेबांनी कितीतरी दिवसांनी मोकळा श्वास घेतला. “सूज आहे. जेवल्यावर लगेच आडवे होता का?”

“ताटावरून उठतात ते थेट गादीवर,” बायको म्हणाली. “आणि चहा दिवसाला आठ कप.”

“पोटातलं आम्ल घशापर्यंत येतंय. सगळ्यांनाच छातीत जळजळ होते असं नाही, म्हणून कळत नाही. शिवाय तुम्ही खाकरता, तेव्हा सुजलेल्या घशावर चापटच मारता. तो आणखी सुजतो, तुम्हाला आणखी खाकरावंसं वाटतं.”

“आणि धूळ?” साहेबांनी हळूच विचारलं.

“धुळीचा त्रास असता तर शिंका आल्या असत्या, नाक वाहिलं असतं. तुमचं तसं काही दिसत नाही.”

पुढचं त्यांनी नीट समजावलं. रात्रीचं जेवण झोपण्याआधी तीन तास. चहा दोन कपांवर. पलंगाची उशाकडची बाजू विटा लावून उंच. खाकरावंसं वाटलं की घोटभर पाणी, नाहीतर नुसता आवंढा. फरक पडायला काही आठवडे लागतील. गिळायला त्रास झाला, वजन उतरलं किंवा रक्त दिसलं, तर मात्र लगेच यायचं.

बायको वाटभर खुशीत होती. साहेबांच्या डोळ्यांसमोर मात्र तळघराच्या बावीस पायऱ्या होत्या.

दुसऱ्या दिवशी ते तळघरात उतरले. मावशी एका स्टुलावर बसून गठ्ठे पुसत होत्या.

“मावशी, माझं चुकलं. तुमच्या झाडण्याचा काही संबंध नव्हता. माझ्याच पोटाचा दोष निघाला.”

मावशींनी हातातला फडका खाली ठेवला. “साहेब, मी आधी पाणी शिंपडायचे आणि मगच केरसुणी फिरवायचे. अकरा वर्षं. तुम्ही कधी बघितलंच नाहीत.”

साहेबांनी मान खाली घातली.

“मी तक्रार मागे घेतो. वर या परत.”

“नको. मी जवळून गेले की तुम्ही खाकरायचात. मला वाटायचं, मलाच हटकताय. कामात काय राहिलं, हे शोधत मी त्याच कोपऱ्यात तीन-तीनदा फिरायचे. घरी जाऊन रडलेसुद्धा आहे.”

हे मात्र साहेबांच्या स्वप्नातही आलं नव्हतं. काहीतरी बोलायला हवं होतं, पण नेमका घसा दाटला, आणि त्या बाईसमोर खाकरायची त्यांना चोरी झाली. ते तसेच आवंढे गिळत उभे राहिले.

त्यांनी कार्यालयाला पत्र लिहिलं: तक्रार खोटी होती, चूक माझी, शिक्षा यांना झाली. वरिष्ठ हसले. “एवढं कशाला लिहायचं? नवी बदली तोंडी सांगितली असती तरी झाली असती.” साहेबांनी पत्र परत घेतलं नाही. मावशींना विचारून त्यांनी त्यांना तळमजल्यावरच्या मुलांच्या विभागात काम मिळवून दिलं, एकही पायरी नसलेलं.

दोन महिन्यांत घसा बराच निवळला. कधीतरी उबळ येते, मग ते पाण्याचा घोट घेतात. मास्तर जुन्या जागी परतले. पण मुलांच्या विभागावरून जाताना साहेबांची पावलं अजून जड होतात. मावशी दिसल्या तर ते नमस्कार करतात. कधी त्या मान हलवतात, कधी नाही.